सासूबाईंच्या वाटचं ऊन

शेवाळमावशी चुकली, असं मत्स्यालयात कुणी म्हणत नसे, निदान तिच्या तोंडावर तरी. वीस वर्षं तिचं एकच काम. खिडकीतल्या बरण्यांत खारट पाण्यात हिरवं शेवाळ वाढवायचं, ते डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कोळंबीला चारायचं आणि ती कोळंबी माशांच्या पिल्लांना.

नवे साहेब आले आणि बरण्यांच्या जागी फ्रीज आला. "कोळंबीची अंडी पाकिटात मिळतात. भिजवली की झालं. मधे ही हिरवी खटपट कशाला?"

"कळेल," मावशी म्हणाली, आणि एक बरणी पिशवीत घालून घरी गेली. घरात चांगलं ऊन एकाच खिडकीत, सकाळचे दोन तास, आणि ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी राखीव. म्हणून बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. "हे घाण पाणी एक दिवस मोरीत ओतते की नाही बघ," सासूबाई रोज बजावत.

साहेबांना कळायला दोन महिने लागले. समुद्रघोड्यांत बाळंतपण बापाकडे असतं. मत्स्यालयातल्या म्हाताऱ्या बापाची दोन बाळंतपणं वाया गेली. तिसऱ्या खेपेला साठ पिल्लं झाली आणि दुसऱ्या दिवशी बापच गेला. आता होती ती एवढीच पिल्लं. चौथ्या दिवशी तीही तळाला टेकू लागली.

"सारखी खातायत हो! मग मरतायत कशी?" साहेब रडकुंडीला आले होते.

मावशीने पिल्लांच्या खाण्यातला एक थेंब भिंगाखाली ठेवला. "बघा. कोळंबीच्या पोटात काही दिसतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर. अंड्यातून आणलेली शिदोरी काल संपली. ही स्वतःच उपाशी आहे, ती पिल्लांना काय देणार? या सगळ्यांत उन्हाचं अन्न करता येतं ते फक्त शेवाळाला, साहेब. बाकी सगळे त्याच्या जिवावर."

"आता शेवाळ कुठून आणायचं?"

"माझ्या घरी आहे की," मावशी ऐटीत म्हणाली.

घरी आली तर खिडकी रिकामी. मावशीने आधी मोरीत डोकावून पाहिलं. कामाच्या धबडग्यात पंधरा दिवस तिने बरणीकडे बघितलंही नव्हतं.

"आई, बरणी कुठंय?"

"ओरडू नकोस. इथंय."

उन्हाच्या खिडकीपाशी सासूबाईंची खुर्ची होती आणि खुर्चीत बरणी बसली होती. सासूबाई पलीकडे सावलीत, पलंगावर, गुडघ्यांवर शाल घेऊन.

"तिकडे समोरच्या इमारतीची सावली येते. पिवळं पडायला लागलं होतं मेलं. इथं ठेवलं. तू हलवायचीस तसं रोज हलवते, नाहीतर खाली बसतं. माझे गुडघे ठणकतायत आणि हे बघ कसं माजलंय!"

बरणी हिरवीगार होती. मावशीने सासूबाईंच्या पायांवरची शाल उगीचच नीट केली आणि बरणी उराशी धरून धावली.

बाराव्या दिवशी एक्केचाळीस पिल्लं शेपटीने टाकीतल्या दोऱ्यांना धरून ताठ उभी होती. साहेबांनी फ्रीज स्वतः ढकलून खिडकी मोकळी केली. मावशी सासूबाईंना हाताला धरून टाकीपाशी घेऊन आली.

"ते बघा आई, तुमचं ऊन."

सासूबाईंनी चष्मा काचेला टेकवला. "एवढंसंच? मी तर खिडकीभर दिलं होतं."

"वाटेत खर्च होतं. थोडं शेवाळाच्या जगण्यात, थोडं कोळंबीच्या पोहण्यात. यांच्यापर्यंत चिमूटभर पोचतं."

सासूबाई काचेवर बोट ठेवून पिल्लं मोजू लागल्या.

"मग एका बरणीने काय होणार, अगं?" त्या म्हणाल्या. "उद्या घरी आणखी दोन आण. माझी खुर्ची काढून टाकू उन्हातली."