नकार आलेला फॉर्म

शाळा मी सहावीतच सोडली. त्यामुळे कागद बोट ठेवून वाचते, आणि बोट ठेवून वाचणाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही. खिळे, कुलुपं आणि बंदुका विकत या गल्ल्यावर चाळीस वर्षं काढली.

मंगळवारी दुपारी कर्टिस राडमेकर आला. शिकारीची बंदूक हवी म्हणाला. त्याने फॉर्म भरला, माझ्या सुनेनं, जॅनेलनं, गिऱ्हाइकाला बंदूक विकता येते का ते तपासणाऱ्या सरकारी कचेरीला फोन लावला. उत्तर आलं : नकार. कारण दुकानदाराला सांगत नाहीत.

"राहू दे मग," कर्टिस हसत म्हणाला. "तो फॉर्म द्या, फाडून टाकतो."

"विक्री झाली नाही तरी फॉर्म दुकानातच राहतो, बाबा. तुझ्या लग्नाचा फोटो नाही तो, मनात आलं की फाडायला."

दार आपटून गेला.

"सुटलो, सासूबाई," जॅनेल म्हणाली. "आता वरून पोलिसांना कळवतीलच."

"कुठल्या पोलिसांना?"

"दुकान ज्या गावात, तिथल्या."

माझं बोट फॉर्मवरच होतं. 'कोर्टाचा मनाई हुकूम आहे का?' पुढे लिहिलेलं : नाही. पत्ता : १४, मिल रोड. मिल रोड नदीपलीकडे, दुसऱ्या काउंटीत, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, आणि तिथे घरं दोनच. समोरच्या घरात मार्लिस राहते, याचा मार खाऊन सुटलेली बायको. मार्चमध्ये तिच्या दारासाठी कुलुपं मीच पोचवली. तिच्या आसपासही फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे त्याला; आणि हा तो मोडून तिच्या समोरच राहायला आलेला. मेल्यानं हुकुमाचं खोटं लिहिलं, पण पत्ता गाडीच्या परवान्याशी जुळावा लागतो म्हणून खरा लिहून बसला!

मी गावच्या चौकीत वेंडेलला फोन केला.

"ओपलकाकू, नोटीस आली की बघतो. पण मिल रोड आमच्या हद्दीत नाही हो."

"तुझी हद्द पुलावर संपते. त्याची गाडी पुलावर थांबणार आहे का?"

फोन आपटला. मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिला सांगितलं, तिथेच थांब, मी आणायला येते. मग पलीकडच्या शेरीफला, त्या काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, फोन लावून फॉर्म अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. त्याला घाई होती, तरी सगळं ऐकायला लावलं.

तासाभरात त्याच्या माणसांनी कर्टिसला चौदा नंबरच्या अंगणातच धरलं. गाडीच्या डिकीतून विना-तपासणी बंदूक विकणारा एक जण यायचा होता, त्याची वाट बघत बसला होता. मार्लिस तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. बसून राहणं तिला जमत नाही.

गुरुवारी वेंडेल टोपी हातात घेऊन दुकानात आला. "काकू, ती नोटीस आली आज."

"आली का? बरं झालं. आता चौकीतल्या फोनशेजारी पलीकडच्या शेरीफचा नंबर लिहून ठेव. नोटिशीवरचा पत्ता नदीपलीकडचा दिसला, की आधी तो फिरवायचा."

"ठेवतो, काकू."

"ठेवतो नाही. हे घे पेन, आत्ता उतरवून घे."

त्याने उतरवून घेतला. आकडे बरोबर आहेत की नाही, ते मी बोट ठेवून तपासले.