सगळं ठीक असलेली मुलं

मित्रांनो, पाळणाघराच्या कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये अगदी वरच्या कोपऱ्यात एक पिवळा रकाना दिसतो ना, तो मी. आता जुना झालोय. रंग अजून पहिल्यासारखाच पिवळाधमक आहे, कारण आमचे रंग विटत नाहीत. पण माझ्याकडे बघणारे डोळे कमी झाले, आणि आम्हा रकान्यांचं म्हातारपण म्हणजे तेवढंच.

माझं मूळ फरश्यांच्या एका गोदामात आहे. तिथे मालाची नोंद ठेवणारी एक तरुण बाई होती. निळ्या, मोठ्या मापाच्या, कोपरा न तुटलेल्या आणि अजून कुणाला न दिलेल्या फरश्या किती, असं साहेबांनी विचारलं की ती गोदामात धावत जात नसे. शीटमधल्या एका रकान्यात ती सूत्र घालायची. मग तो रकाना एकेका ओळीपाशी जाऊन विचारायचा: निळी आहेस? मोठी आहेस? धड आहेस? इथेच आहेस? सगळ्या प्रश्नांना जी ओळ हो म्हणेल, तीच मोजायची. एका जरी प्रश्नाला नाही आलं, तर ती ओळ सोडून पुढे जायचं. बरीचशी निळी, जराशी धड, असं आमच्यात चालत नाही.

त्या बाईची लेक अडीच वर्षांची झाली आणि पाळणाघरात जाऊ लागली. घरात तिला सगळे टिल्ली म्हणत, आपणही टिल्लीच म्हणू. पहिल्याच दिवसापासून टिल्लीच्या आईचं कामात लक्ष लागेना. समोर फरश्यांची यादी असायची आणि डोळ्यांपुढे पाळणाघराचा जिना. सारखा फोन लावायची. शेवटी पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी स्पष्टच सांगितलं, "अहो, तुमचा फोन घ्यायला मी वळते ना, तेवढ्यात एक पोर जिन्याकडे सुटतं."

हे ऐकून ती आणखीच घाबरली. म्हणजे आपल्या काळजीनेच पोर पडायचं! त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने मला घडवलं. प्रत्येक मुलाची एक ओळ केली. पुढे दोन रकाने, 'आलं' आणि 'गेलं'. मी दोनच प्रश्न विचारायचे: आज आलास का? अजून घरी गेला नाहीस ना? दोन्हींना हो आलं की एक धरायचा. शीट तिच्याकडेही उघडी राहायची आणि काकूंच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरही. त्यामुळे मी एकाच वेळी दोन ठिकाणी असायचो आणि दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर यायचं.

"फरश्या मोजतेस तशी पोरं मोजणार का आता?" नवऱ्याने तिला चिडवलं.

"फरशी पळून जात नाही," ती म्हणाली. "पोर जातं. हे बघ, एकदा जरी मला वाटलं ना की तिथे टिल्लीकडे कुणाचं लक्ष नाही, तर मी नोकरी सोडून घरी बसेन. मग म्हणू नकोस."

नवऱ्याने चिडवणं थांबवलं. तिला ती नोकरी किती आवडते, हे त्याला माहीत होतं.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. एकदा मुलं बागेतून परतली, तर आत आलेली डोकी माझ्या आकड्यापेक्षा एकाने कमी भरली. काकू तशाच उलट धावल्या. फाटकापाशी गब्दुल नावाचा गोलमटोल मुलगा मुंग्यांची रांग बघत बसला होता. त्या दिवशी काकूंनी माझ्या रकान्यावर पिवळा रंग चढवला आणि येणाऱ्या प्रत्येक पालकाला मला दाखवलं. मित्रांनो, आपल्याला कुणी बोट दाखवून "हे बघा आमचं" म्हणावं, याहून मोठं सुख ते कोणतं?

पण टिल्लीच्या आईचं समाधान फार टिकलं नाही. टिल्ली आली आहे आणि गेली नाही, इतकंच कळून काय उपयोग? जेवली का? तिने 'जेवण' हा रकाना वाढवला आणि मला तिसरा प्रश्न दिला. मग 'झोप'. मग 'ताप नाही'. मग एका दुपारी ओठ चावत तिने 'रडणं नाही' हाही वाढवला. माझ्या शेजारी लिहिलं: सगळं ठीक असलेली मुलं.

एकेक प्रश्न वाढत गेला तसा माझा आकडा उतरत गेला. यात माझा काय दोष? गब्दुल वाटीतला भात कधीच संपवत नसे, तो गळायचा. कुणी आईची आठवण काढून रडलं की ते गळायचं. एका दुपारी मी शून्यावर आलो. पाळणाघरात मुलं हसत होती, एकजण टेबलाखाली शिरून कुत्रा झाला होता, आणि माझ्यात मात्र भलंमोठं शून्य! टिल्लीची आई गोदामातून तशीच निघाली आणि धापा टाकत दारात उभी राहिली.

"काय झालं?" काकू दचकल्या.

"तेच विचारतेय मी. एकही मूल ठीक नाही?"

मुलांना सांभाळणारी ताई एका मुलाचं नाक पुसत होती. "अहो टिल्लीच्या आई, माझे दोन्ही हात पोरांच्या शेंबडाने भरलेले," ती म्हणाली. "तुमचे रकाने काय कोपराने भरू?"

पण एव्हाना इतर पालकही मला बघू लागले होते. आकडा कमी दिसला की काकूंकडे विचारणा व्हायची. काकू ताईला म्हणायच्या, "भर गं बाई ते रकाने वेळेवर." ताई भरू लागली. अर्ध्या वाटीलाही 'पूर्ण' लिहू लागली, मिटलेल्या डोळ्यांना झोप म्हणू लागली. मला कळत होतं का? नाही, मित्रांनो. लिहिलेलं खरं की खोटं, हे विचारणारा प्रश्न मला कुणी दिलाच नव्हता. पण हल्ली ताईचा चेहरा मुलांकडे कमी आणि माझ्याकडे जास्त असतो, हे मात्र मला दिसत होतं. ती समोर असायची आणि तिच्या पाठीमागे मुलं. माझा जीव खालीवर व्हायचा. ताई, मागे बघ ना, मागे बघ! पण रकान्याला आकड्याखेरीज दुसरं काही बोलता येत नाही.

मग तो दिवस आला. दुपारी गाद्या घातल्या होत्या, गाद्यांचं कपाट रिकामं झालं होतं. ताई कॉम्प्युटरपुढे बसली. 'झोप'खाली पहिल्या ओळीत तिने 'हो' लिहिलं, माऊसने धरलं आणि थेट तळापर्यंत ओढलं. सगळी मुलं एका दमात झोपली. बाकीचे रकानेही तसेच भरले. आणि मी भरून आलो. जेवढी मुलं आली होती, तेवढीच्या तेवढी सगळी ठीक! प्रश्न वाढल्यापासून असा आकडा मी पाहिला नव्हता.

गोदामात टिल्लीच्या आईने मला पाहिलं आणि कित्येक दिवसांनी तिचे खांदे खाली आले. तिने गरम चहा गरम असतानाच प्यायला. शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणाली, "आज सगळं ठीक आहे. लवकर जाऊन तिला चकित करते."

इकडे काकूंना जाताजाता कपाटाचं दार किलकिलं दिसलं. कुणाचं बोट चेमटू नये म्हणून त्या नेहमीप्रमाणे दार लावून कडी घालून गेल्या.

टिल्लीची आई हसत आत आली. "उठली का आमची राणी?"

"झोपलीय की," ताई म्हणाली आणि वळली. टिल्लीच्या गादीवर नुसती चादर होती.

"टिल्ली?"

पुढचं मला आठवलं तरी माझ्यातला आकडा थरथरतो. काकू फाटकाकडे धावल्या. फाटक बंद होतं. टिल्लीची आई जिना उतरून गेली, पुन्हा वर आली, न्हाणीघरात गेली, बादलीत हात घालून पाहिला. ताई एकेका गादीपाशी बसून चादरी उचलत होती आणि तोंडाने नुसतं "अगं बाई, अगं बाई" चाललं होतं. आणि मी? मी टेबलावर झगझगत सांगत होतो की सगळी मुलं ठीक आहेत. कुणीतरी पुसा हो मला, असं ओरडावंसं वाटत होतं.

"सगळे गप्प राहा!" टिल्लीची आई एकदम म्हणाली.

गप्प झाल्यावर ऐकू आलं. कपाटाच्या आतून कुणीतरी तळहाताने थापा मारत होतं, हळू हळू, दमल्यासारखं.

कडी काढली. खालच्या खणात टिल्ली बसली होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले, गाल लालबुंद. आईकडे बघून तिने आधी ओठ काढला आणि मग दाराकडे बोट दाखवून रागाने म्हणाली, "दार वाईट!"

आईने तिला उचललं ते गळ्याशी असं धरलं की टिल्लीच म्हणाली, "आई, सोड ना." मग आईची नजर माझ्याकडे गेली.

"इथे लिहिलंय, झोपली. तुम्ही लिहिलंय, ताई."

"लिहिलं," ताई म्हणाली. "तुम्हाला हवं होतं ते लिहिलं. आकडा खाली गेला की तुम्ही धावत येणार, काकू मला बोलणार. गब्दुलचं तोंड पुसू की त्याच्यापुढे 'पूर्ण' लिहू? चुकलंच माझं. पण मला दोनच डोळे आहेत हो."

"कडी मी घातली," काकू हळूच म्हणाल्या. "आत डोकावले असते तर..."

"मी नोकरी सोडते," टिल्लीची आई म्हणाली. पण म्हणताना ती कुणाकडेच बघत नव्हती. तिने लेकीचे ओले केस मागे सारले. मग तिने विचारलं, "ताई, ही शीट नव्हती तेव्हा दुपारी काय करायचात?"

"काय करणार? मधोमध बसायचे. एकेकाच्या पाठीवर हात ठेवायचा. झोपलंय की सोंग करतंय, हाताला कळतं."

टिल्लीची आई लेकीला कडेवर घेऊनच खुर्चीत बसली. एका हाताने तिने माझं सूत्र उघडलं. रडण्याचा प्रश्न काढला. तापाचा काढला. झोपेचा, जेवणाचा. मित्रांनो, माझ्यावरून एकेक ओझं उतरत होतं आणि माझा मानही उतरत होता.

"अहो, बाकीचे पालक काय म्हणतील?" काकू म्हणाल्या.

"त्यांना मी सांगते. ताप आला तर मात्र त्याच मिनिटाला फोन करा. आणि कपाटाला बाहेरून कडी नको."

मी पुन्हा दोन प्रश्नांचा झालो.

दुसऱ्या दिवशी ती टिल्लीला घेऊन आली खरी, पण राजीनाम्याचं मनातून गेलेलं नव्हतं. दुपारी गोदामात तिने मला उघडलं. मी काय सांगणार? किती आली आणि अजून गेली नाहीत, एवढंच. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत गेला. तेवढ्यात तिचाच फोन वाजला.

"टिल्लीच्या आई, मी ताई. घाबरू नका, ताप नाही काही. तुमची लेक रडतेय."

"का? काय झालं?"

"गब्दुलने तिची बाहुली बसायला घेतली. अंगाखाली! आता माझ्या कडेवर आहे, सगळं नाक माझ्या खांद्याला पुसलंय. ऐका."

पलीकडून टिल्लीचं रडणं आलं, खणखणीत, भांडखोर. आईने फोन कानाला घट्ट धरला. आदल्या दिवशी मी सगळं ठीक म्हटलं होतं तेव्हाही तिचा चेहरा इतका निवांत झाला नव्हता.

"रडू दे तिला थोडं," ती म्हणाली. "तुमचा खांदा आहे ना." आणि तिने मला बंद केलं. त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही. राजीनाम्याची गोष्टही पुन्हा निघाली नाही.

तेव्हापासून मी असाच आहे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी कुलूप लावताना एकदा माझ्याकडे बघतात, तेवढं पुरे. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुम्हीही माझ्यासारखे रकाने घडवाल. घडवा जरूर. मी विचारलेलं चोख मोजून देईन, कंटाळा करणार नाही. फक्त मला इतके प्रश्न देऊ नका, की त्यांची उत्तरं लिहिता लिहिता कुणाची तरी पाठ मुलांकडे होईल. आणि कुठल्या ओळीत रडणं असेल, तर ते मूल कुणाच्या कडेवर आहे का, ते उठून बघून या. ते मला मोजता येत नाही.