पांढऱ्या पेशींची धाव

भाचीच्या अंगठ्याची जखम दोन महिने चिघळत होती, आणि तिच्यात पुवाचा टिपूसही नव्हता. कुणी म्हणेल, बरंच आहे की! आत्याला मात्र त्याचीच धास्ती होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. जखमेत जंतू शिरले की तिथल्या पेशी रसायन सोडून हाक मारतात, आणि पांढऱ्या पेशी त्या मागावर धावत येतात. त्यांची गर्दी म्हणजेच पू. पू नाही, म्हणजे कुणी आलंच नाही.

पोरीच्या पेशी धावतात का, ते आज बघायचं होतं. काचेच्या ताटलीत जेलचा थर, मधल्या खड्ड्यात हाकेचं रसायन, उजवीकडे भाचीच्या पेशी, डावीकडे तुलनेसाठी तिच्या धडधाकट बापाच्या. दोन तासांनी आत्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पोरीच्या पेशी हलल्या नव्हत्या. बापाच्याही नाहीत.

भाऊ मागेच उभा होता. "दोघांच्या सारख्याच? मग मी ठणठणीत आहे की. तीही होईल." कितीतरी दिवसांनी तो हसला. "उगाच जीव टांगणीला लावलास, तायडे."

तिनं रसायनाची कुपी उचलून बघितली, ती कोमट लागली. बापाच्याही हलत नाहीत, म्हणजे चाचणीच फसली. रसायन बर्फातून काढलं की लगेच वापरायचं, आणि ही बाई भावाची समजूत काढत बसली तोवर ते टेबलावरच पडून होतं. वीस वर्षं नवशिक्यांना ज्यावरून झापलं, तेच. वाटलं, हसू दे बिचाऱ्याला आजचा दिवस. पण नुसती औषधं द्यायची की पांढऱ्या पेशी घडवणारी दुसऱ्याची अस्थिमज्जा, हे डॉक्टर संध्याकाळी याच निकालावर ठरवणार होते.

"अरे, चूक माझी आहे. रसायन वाया गेलं होतं. पुन्हा करते."

त्याचं हसू मावळलं. "दिसलं तेच लिहून टाक ना."

"लिहिलं तर नुसती औषधं देतील, आणि पोरगी जिवानिशी जाईल," ती फटकन म्हणाली.

ताजं रसायन, नवी ताटली, पुन्हा दोन तास. एकटीनं बघायचा धीर होईना, म्हणून तिनं चित्र पडद्यावर लावलं. डावीकडचे ठिपके रांगेनं मधल्या खड्ड्याकडे निघाले होते.

"या कुणाच्या?"

"तुझ्या."

"पळतायत की." उजवीकडे बघायला त्यानं वेळ लावला. "आणि तिच्या?"

"जिथं सोडल्या तिथंच आहेत."

तो खुर्चीवरून उठला, बाही कोपराच्या वर सारली आणि हात तिच्यापुढे धरला.

"मग माझ्या दे तिला."

"मज्जा जुळते का ते आधी बघावं लागेल," ती म्हणाली, आणि रडत रडतच सुई शोधू लागली.