बिनकारणाची सुट्टी

मोठ्या हॉटेलांच्या चादरी जिथे धुतल्या जात, त्या लाँड्रीत सुट्टी मागायची म्हणजे घरातल्या कोणाचातरी बळी द्यावा लागे. धुण्याच्या मशीनवरच्या माणसाचे मामा आजवर तीनदा वारले होते. घड्या घालणारीच्या भावाचं लग्न दरवर्षी ठरे आणि मोडे. हे सगळं सुपरवायझरबाईंनाही ठाऊक होतं. पण कारण कानावर पडल्याशिवाय त्यांची मान हलत नसे.

चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर काम करणारी, जिला सगळे इस्त्रीवालीच म्हणत, तीही यात मागे नव्हती. एकदा तिने सासूला आजारी पाडलं आणि ते तिच्या चांगलंच अंगाशी आलं. संध्याकाळी कामावरच्या बायका फळं घेऊन चौकशीला दारात हजर. सासू तेव्हा स्टुलावर चढून कपाटावरची जळमटं काढत होती. ती मुकाट्याने उतरली, पांघरूण ओढून पडली आणि बायका जाईपर्यंत कण्हत राहिली. मग उठून बसली.

"मी हातीपायी धड आहे," ती सुनेला म्हणाली. "माझ्या नावावर पुन्हा दुखणं खपवू नकोस. सुट्टी हवी तर सुट्टी हवी म्हण."

सुनेला ते लागलं. खोटं बोलल्याची लाज होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटली ती हक्काची गोष्ट चोरासारखी मागितल्याची. वर्षाच्या सुट्ट्यांचा नियम दाराशेजारच्या फलकावर होता. येता-जाता सगळे तो बघत आणि पुढे सरकत. यापुढे कोणालाही आजारी पाडायचं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

काही दिवसांनी ती सुपरवायझरबाईंपुढे उभी राहिली.

"मला शुक्रवारी सुट्टी हवी."

"कोणाला काय झालं?"

"कोणाला काही नाही. घरी राहायचंय."

बाईंनी चष्मा काढला. त्या स्वतः अंगात ताप असताना बॉयलरशेजारी शाल गुंडाळून बसल्या होत्या. मुलीच्या लग्नाच्या सकाळीही गठ्ठे मोजून मगच मांडवात गेल्या होत्या. सुट्टी न घेणं हीच त्यांची आयुष्यभराची कमाई, आणि ही बाई समोर उभी राहून काही नाही म्हणत होती. त्यांनी आधी समजावलं. मग आवाज खाली आणून वाटही दाखवली, की डोकं दुखतंय म्हण, मी देते.

"डोकं दुखत नाहीये, बाई."

"मग मिळणार नाही."

"मी शुक्रवारी येणार नाही. आजच सांगतेय, म्हणजे रोलरवर दुसरं कोणी लावता येईल."

एवढं बोलून ती रोलरकडे गेली. घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं, आपली आत्या लांब राहते, तिला आजारी पाड. तिला बघायला कोण जातंय? पण सासूने त्याला एका नजरेत गप्प केलं.

शुक्रवारी तिला सवयीने अंधारातच जाग आली. दिवसाचं करायचं काय ते कळेना. सकाळ नुसती चुळबुळ करण्यात गेली. दुपारी पायरीवर बसून तिने सासूचे केस विंचरले, आणि तिथेच भिंतीला टेकून तिला अशी गाढ झोप लागली, की नवरा कामावरून आलेलाही कळला नाही.

शनिवारी तिचा रोलर गेला. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलायचं काम वाट्याला आलं. बायका म्हणाल्या, हौस फिटली ना आता? ती गठ्ठे उचलत राहिली. रात्री सासू तिच्या पाठीला तेल चोळी आणि माघार घे असं चुकूनही म्हणत नसे.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा बाईंपुढे गेली.

"पाठ दुखत असेल," बाई म्हणाल्या.

"दुखतेय. पण सुट्टी त्यासाठी नकोय."

बाईंनी तिच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घे. आणि सोमवारपासून रोलरवर ये. तुझ्यासारखी चादरीची सरळ कड दुसऱ्या कोणाला जमत नाही."

त्यानंतर घड्या घालणारीने धीर केला. भावाला मध्ये न आणता तिने सरळ दोन दिवस मागितले आणि मिळाले. मशीनवरच्याने सवयीने मामांना हात घातला, तर बाईंनी त्याला अर्ध्यात तोडलं. मामांना सुखाने जगू दे, म्हणाल्या, दिवस कोणता ते सांग.

एका दुपारी, डबे खाऊन सगळे पांगल्यावर, बाई रोलरपाशी आल्या. इकडेतिकडे बघत एका चादरीचं टोक उगाच सरळ करत राहिल्या.

"घरी राहून करतेस तरी काय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यांदा काही सुचत नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "दुसऱ्यांदा सुचतं."

बाईंनी मान डोलावली. खाली वाकून रोलरचं बटण तपासलं, जे मुळीच बिघडलेलं नव्हतं.

"बुधवारी मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "किल्ल्या तुझ्याकडे ठेवते."

बुधवारी इस्त्रीवालीने दार उघडलं, बॉयलर लावला. मशीनवरचा विचारायला आला, की बाईंना काय झालं?

"काही नाही," ती म्हणाली, आणि पहिली चादर रोलरखाली सरकवली.