वाकोल्यातल्या ओट्यांचा नकाशा

नगररचना कार्यालयात लागल्यापासून मिथुन निकाळजेनं शहर वरूनच पाहिलं होतं. राहायची जागा पिवळी, दुकानं निळी, बागा हिरव्या. माणूस कुठेच नाही. मग अंधेरीला अधिकाऱ्यांसाठी शहर-आरेखनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. शिकवणाऱ्या दीप्ती मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या, "आता नकाशे गुंडाळा आणि रस्त्यावर जाऊन बसा." बाकीचे हसले. मिथुन त्याच संध्याकाळी खरंच जाऊन बसला.

सावली कुठे पडते, बायका कुठे थांबून बोलतात, म्हातारं माणूस कुठे अडखळतं, हे उभं राहून पाहायचं आणि कागदावर उतरवायचं. पस्तिशी ओलांडल्यावर तो पहिल्यांदा माणसं काढायला शिकला. सुरुवातीला सगळी खांबांसारखी यायची. पुढे पुढे त्यांना पाठीचा बाक आला, हातात पिशव्या आल्या.

शेवटच्या प्रकल्पासाठी त्यानं वाकोल्यातली स्वतःचीच गल्ली घेतली. वडील शिवदास जालन्याहून येऊन औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले, तेव्हापासून घर तिथेच होतं. गल्लीत दर दारापुढे ओटा. त्याची आई चंपा दुपारी ओट्यावर शेजारणींबरोबर भाजी निवडत बसायची. समोरच्या भाऊरावांचं इस्त्रीचं टेबल तर ओट्यावरच मांडलेलं असायचं.

मिथुन टेप घेऊन आला तसं भाऊरावांनी इस्त्री बाजूला ठेवली.

"मोजायला येतात ते पाडायलाच येतात रे."

"उलट आहे, काका. गाड्यांचा रस्ता अरुंद करायचाय. ओटे राहणार, पुढे चालायला जागा, मध्येमध्ये झाडं. तुम्ही सावलीत काम कराल."

"कागदावर?"

"मी आहे ना त्या ऑफिसात."

टेपचं दुसरं टोक मग भाऊरावांनीच धरलं. त्यांनी धरलं म्हटल्यावर गल्लीनं दारं उघडली. कुणी पाट्या हलवल्या, कुणी वाळत घातलेले पापड उचलले, कुणी चहा दिला. एकही ओटा मोजायचा राहिला नाही.

प्रदर्शनाला तो आईवडिलांना अंधेरीला घेऊन गेला. चंपा चित्रापुढे उभी राहिली आणि पुटपुटली, "मी एवढी जाड आहे का रे?" शिवदास मात्र प्रत्येक चित्राखालचं मुलाचं नाव वाचत फिरले. मिथुनचे वरिष्ठ चंद्रप्रकाश साहेबही आले होते. "झकास!" ते म्हणाले. "हे आपण करायचंच. पहिली गल्ली हीच."

पावसाळा गेला आणि दारांवर नोटिसा लागल्या. रस्त्याच्या हद्दीत आलेले सगळे ओटे अतिक्रमण, काढून टाकावेत. सोबत मिथुननं मोजलेला ओट्यांचा नकाशा जोडलेला होता. खाली त्याचीच सही.

तो तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेला. "सर, रस्ता अरुंद करायचा होता."

"होता ना. पण मागे टॉवर येतोय, त्यांच्या गाड्या आत कशा जाणार? सल्लागारांनी थोडी सुधारणा केली." साहेबांनी नवं चित्र पुढे सरकवलं. रेघा मिथुनच्याच होत्या, माणसं मात्र पुसली होती. त्यांच्या जागी कुंड्या आणि दोन्ही बाजूंना गाड्या.

"हा माझा आराखडा नाही, सर."

"सर्व्हे तर तुझाच आहे. इतका अचूक सर्व्हे आपल्याकडे कुणी केलेला नाही. आपली माणसं गेली असती तर गल्लीनं आत तरी येऊ दिलं असतं का?"

साहेब हे कौतुकानंच म्हणाले होते. ते मिथुनला जास्त लागलं.

त्यानं फाइलवर हरकत लिहिली. 'नोंद घेतली' असा शेरा मारून फाइल परत आली. त्यानं दीप्ती मॅडमना फोन केला. "मला फार वाईट वाटतंय, मिथुन," त्या म्हणाल्या. "पण हा अभ्यासक्रम तुमच्या खात्याच्या जिवावर चालतो. मी तोंड उघडलं तर पुढची बॅच मिळणार नाही." गल्लीची बुद्धविहारात बैठक झाली. तिथे तो उभा राहून म्हणाला, "कोर्टात जाऊ. मी साक्ष देतो."

"नकाशावर सही तुझी," भाऊराव म्हणाले. "मग कोर्ट तुझं काय ऐकणार?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मिथुनला काहीतरी बोलता आलं असतं.

एका सकाळी जेसीबी आला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत काम संपलं. दारं अधांतरी राहिली. चंपानं खाली उतरायला प्लास्टिकचं स्टूल लावलं. शेजारची मधुवंती मोडलेल्या लाद्या गोळा करत होती. भाऊराव टेबल डोक्यावर घेऊन पुलाखाली जागा बघायला गेले होते.

"ज्यानं हा नकाशा काढला ना, त्याचं वाटोळं होवो," मधुवंती म्हणाली.

"माझ्या मिथुननं काढलाय," चंपा म्हणाली.

मधुवंती बैठकीला नव्हती, सही कुणाची ते तिला ठाऊक नव्हतं. ती लाद्या तिथेच टाकून घरात गेली. दाराआड उभ्या मिथुनला सगळं ऐकू आलं. आईनं त्याची बाजू घेतली नव्हती, की त्याला बोलही लावला नव्हता. त्यानंतर गल्लीत त्याला कुणी 'जय भीम' घालेना. तो दिसला की बोलणी थांबायची.

हिवाळ्यात नव्या बॅचपुढे अनुभव सांगायला त्याला बोलावलं. नकार द्यायचा असं ठरवून तो साहेबांकडे गेला आणि हो म्हणून आला. अंधेरीच्या त्याच खोलीत पडद्यावर वाकोल्याची गल्ली उमटली. पहिल्या रांगेत चंद्रप्रकाश साहेब बसले होते, कडेला दीप्ती मॅडम उभ्या होत्या.

दिशा नावाच्या एका तरुण अधिकारी मुलीनं हात वर केला. "सर, आम्ही सर्व्हेला गेलो की लोक हाकलून देतात. तुम्हाला त्यांनी इतकं सगळं मोजू कसं दिलं?"

मिथुननं मॅडमकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

"आधी लोकांचा विश्वास मिळवावा लागतो," तो म्हणाला.

सगळ्यांनी ते लिहून घेतलं.