पितळी पंजाचं ओझं

मी एक पेनड्राइव्ह. बोटाच्या पेराएवढा, काळा, एका टोकाला भोक असलेला. बोलतोय खरा, पण ते कुणाला ऐकू जातंय याची मला खात्री नाही. संगणकाला तर मी आता दिसतही नाही.

कुठल्याशा कारखान्यात माझ्यासारखे हजारो एकदम जन्मले. मी स्फाक्सच्या बाजारातून, सी शाझलींच्या खिशात बसून, बोटीने केरकेना बेटावर आलो. सी म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'; शाझली निवृत्त प्राध्यापक. बेटावरच्या कोळ्यांचे शब्द गोळा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मासे अडवायला समुद्रात खजुरीच्या फांद्यांचे बांध रोवतानाचे शब्द, ऑक्टोपस पकडायला मडकी सोडतानाचे, ओहोटीच्या पाण्याच्या रंगांचे. सांगणारे म्हातारे एकेक करून गेले. त्यांचे आवाज आणि अर्धामुर्धा शब्दकोश, सगळं माझ्या पोटात राहिलं.

दुसरी प्रत त्यांनी केली नाही. दोन प्रती झाल्या की एकीत दुरुस्ती होईल, दुसरीत राहून जाईल, मग खरी कोणती, ही धास्ती. छापायला द्यावं म्हटलं की एखादा शब्द त्यांना दिवसचे दिवस छळायचा.

मला भोक होतं, तेच नडलं. एवढं मोलाचं काम, येणारेजाणारे बघतात, "कुठवर आलं?" म्हणून विचारतात, हे त्यांच्या बायकोला, मबरूकाला, सहन होईना. तिने दृष्ट लागू नये म्हणून लग्नातला पितळी पंजा माझ्या भोकात अडकवला. सी शाझलींना हसू आलं.

"हसा खुशाल. दाराला राखणीचा मासा, गाडीला मासा, आणि खरी ठेव तेवढी उघडी. दृष्ट लागायला वेळ लागतो का?"

त्यांनी तो काढला नाही. पंजा जड होता. संगणकाच्या कुशीत मला खोचलं की तो खाली लोंबायचा आणि मी रोज थोडा थोडा वाकायचो. मायेने अडकवलेली वस्तू. तक्रार तरी कशी करावी?

एके सकाळी संगणकाने मला ओळख दिली नाही. सी शाझलींनी आधी स्वतःवरच संशय घेतला: काल नीट बंद न करता आपणच ओढला असेल. मग दुसरी खाच झाली, संगणक बंद करून पुन्हा चालू झाला, शेजाऱ्याचा संगणक झाला. मबरूकाचं मत पक्कं होतं, दृष्ट लागली. तिने माझ्यावरून ऊद फिरवला आणि पंजाशेजारी एक चांदीचा मासाही अडकवला.

स्फाक्सच्या दुकानदाराने मला खालीवर करून पाहिलं. मधेच एकदा मी उजळलो.

"काका, फॉरमॅट करू? सगळं पुसलं जाईल, पण नव्यासारखा होईल."

"मलाही करतोस का?" असं म्हणून सी शाझलींनी मला त्याच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी सहज मला खालून बोटाने उचलून धरलं, आणि माझा दिवा लागला. पडद्यावर शब्दकोशाच्या अक्षरवार फाइली ओळीने उभ्या राहिल्या. बोट काढलं की पंजा आणि मासा मला खाली ओढत आणि सगळं नाहीसं होई. त्यांना सगळं कळलं. पण आता पंजा काढायला जावं तर मी हलणार, आणि एका हाताने मला धरून फाइली उतरवणं जमणारं नव्हतं. त्यांनी मबरूकाला हाक मारली.

"बोट असं खाली धर. अजिबात हलवू नकोस."

तिने श्वास रोखून मला धरलं. मेलेले म्हातारे एकेका अक्षरामागून माझ्यातून निघून संगणकात जाऊ लागले. तिची नजर मात्र तिच्याच बोटाजवळ झुलणाऱ्या पंजावर होती.

"अहो, हे याच्या वजनाने झालं का?"

एकच शब्द हवा होता. पण सी शाझलींनी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर कधी तोलल्याशिवाय दिलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि ते थांबले. तेवढं तिला पुरलं. भाजल्यासारखं तिचं बोट मागे गेलं, माझ्या आत काहीतरी तुटलं आणि दिवा गेला.

"जुनाच होता गं तो," ते म्हणाले. पण उशिरा.

पहिली काही अक्षरं तेवढी बचावली. बाकीची माझ्यात आहेत, म्हणजे कुठेच नाहीत. मी आता टेबलाच्या खणात असतो. पंजा नाही, मासा नाही. एवढा हलका मी कधीच नव्हतो. सी शाझली रोज मला खोचून पाहतात, परत ठेवतात. पूर्वी दोघं एकाच परातीतून कुसकुस खायची. आता ती त्यांची बशी उंबऱ्याशी ठेवून जाते आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच काहीतरी खाते. या खोलीत तिचं पाऊल पडत नाही.

सी शाझली, मला फेकून द्या. माझ्याकडून आता काही मिळायचं नाही. तिचा प्रश्न मात्र अजून इथेच आहे. तोलू नका. स्वयंपाकघरात जाऊन एकदा नुसतं "नाही" म्हणा. तिला ते खोटं वाटेल, पण तुम्ही आलात हे तर दिसेल.