खवल्याची आई

ताईच्या घरात एक नियम होता. ती ज्या स्टुडिओत काम करायची तिथलं काही घरात बोलायचं नाही. नियम सासऱ्यांनी घातला होता, आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं.

अंतराळयानाची ती मालिका सुरू झाली तेव्हा ताईचं लग्नही झालं नव्हतं. सासरे मात्र पहिल्या भागापासूनचे प्रेक्षक. अख्खी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली, त्यामुळे यानातली दारं कशी हूं की चूं न करता उघडतात याचं त्यांना भारी कौतुक. पुढे सून त्याच मालिकेसाठी मुखवटे करायला लागली आणि नव्या नवलाईत बोलून बसली, "बाबा, त्या दारांना मोटर वगैरे काही नाही. मागे दोन माणसं दोरी धरून उभी असतात."

म्हाताऱ्याने हातातला कप खाली ठेवला. दोन दिवस सुनेशी धड बोलले नाहीत. मग एकदाचे म्हणाले, "हे बघ सूनबाई, तुझ्या कारखान्यात काय शिजतं ते तुझ्यापाशी. माझं यान उडतंय, ते उडू दे."

तेव्हापासून ताईने तोंडाला कुलूप लावलं. यानाला वाट दाखवणारा खवल्या हे तिच्या हातचं सगळ्यात चांगलं काम. कपाळापासून गळ्यापर्यंत हिरवट खवले, कानांच्या जागी माशासारखे कल्ले. एकेक खवला ती रबरात ओतायची, रंगवायची, गोंदाने चिकटवायची. सासरे खवल्याबद्दल बोलायचे ते पुतण्याबद्दल बोलावं तसं. "आज पोरगा उतरलेला दिसतोय. झोप झाली नसेल." त्या दिवशी रबर जरा पातळ पडलेलं असायचं. ताई भांडी पुसता पुसता गालातल्या गालात हसायची. पण कधीतरी मनात यायचंच, की हे खवले कुणी केले एवढं तरी यांनी एकदा विचारावं.

मग त्या वर्षी एक वेगळाच भाग लिहून आला. खवल्याच्या ग्रहावरचं पाणी आटत चाललंय, यान सगळ्यांना न्यायला आलंय, आणि खवल्याची म्हातारी आई निघायला तयार नाही. ज्यांना प्रवास झेपणार नाही अशा आजाऱ्यांपाशी ती थांबणार आहे. मायलेकरांची तळ्याकाठची भेट हा सगळ्या भागाचा जीव होता. आईच्या कामाला नाटकातल्या एक मोठ्या बाई ठरल्या. ताईने मुखवटा केला, रंग सुकले, चित्रीकरणाचा दिवस उजाडला. बाई खुर्चीत बसल्या, ताईने हनुवटीला गोंद लावला, आणि बघता बघता बाईंचा गाल पुरीसारखा फुगला.

डॉक्टर आले, औषध दिलं, काळजीचं कारण नाही म्हणाले. पण त्या चेहऱ्यावर मुखवटा चढणं शक्य नव्हतं. आणि तळ्याचा सेट दुसऱ्या दिवशी पाडून तिथे वाळवंट उभं करायचं होतं. दिग्दर्शिकेला सगळे मॅडम म्हणत. त्या शांत स्वभावाच्या, पण त्या दिवशी त्यांचाही चेहरा पडला.

"हा मुखवटा कुणाच्या मापाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्याच," ताई म्हणाली. "बाईंना माप द्यायला यायला जमत नव्हतं, म्हणून माझ्या तोंडाचा साचा घेतला. नंतर आतून त्यांच्यापुरता कमी-जास्त केला."

"मग प्रश्न मिटला. तू चढव."

"मॅडम, मी लोकांच्या तोंडाला चढवते. माझ्या तोंडाला कधी लावलेला नाही."

"वाक्यं दोन-तीनच आहेत. आवाज नंतर बाईंचा घालू. तू नुसती त्याच्यासमोर उभी राहा."

स्वतःच्या तोंडाला स्वतः गोंद लावणं अवघड. शेवटी खवल्याचं काम करणारा नटच पुढे आला. सेटवर त्याला काका म्हणायचे. त्याचा स्वतःचा अर्धा चेहरा हिरवा झालेला होता.

"इतकी वर्षं माझ्या तोंडावर थापलंस," तो म्हणाला, "आज परतफेड करतो. नाकाने श्वास घे. मान वळवायची तर खांद्यासकट वळव. आणि नाक खाजलं तर विसरून जा."

"विसरायचं कसं?"

"ते मलाही अजून जमलेलं नाही."

मुखवटा बसला आणि ताईला कळलं, की आपण रोज "थोडं सहन करा हं" म्हणतो म्हणजे नेमकं काय सांगतो. कानांत कापूस कोंबल्यासारखं झालं. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. डोळ्यांच्या भोकांतून दिवे तेवढे दिसत होते. कुठे बघायचं तेच कळेना. तेवढ्यात समोर खवल्या येऊन उभा राहिला आणि तिचा जीव भांड्यात पडला. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. त्यातली रेघ न् रेघ तिने ओढलेली.

खवल्याने तिचा हात धरला. "आई, चल ना. जागा ठेवलीये तुझ्यासाठी."

"इथली माणसं टाकून मी येऊ? माझं इथे बरं आहे, बाळा." रबराआडून येणारा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना, पण पहिलं वाक्य ठीक गेलं, दुसरंही गेलं. तिसरं होतं, "तारे तुझी वाट उजळोत." सकाळपासून तिने ते घोकलं होतं. पण खवल्या पाठ फिरवून निघाला, त्याच्या मानेवरचा एक खवला किंचित सुटलेला तिला दिसला, आणि तारे कुठल्या कुठे गेले. तिने पुढे होऊन तो खवला बोटाने दाबून बसवला. तोंडातून शब्द आले, "उपाशी जाऊ नकोस हं. काहीतरी खाऊन जा."

हे कुठल्या कागदावर नव्हतं. काका थबकला. वळून त्याने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि चालू लागला. कॅमेरा थांबला.

"चुकलं माझं, मॅडम," ताई आतून म्हणाली. "पुन्हा घेऊ या."

"नको," मॅडम म्हणाल्या. "आणि आवाजही हाच राहू दे."

बाईंचा गाल उतरल्यावर त्यांनी तो तुकडा पाहिला आणि म्हणाल्या, "बरं झालं मी फुगले ते. मी ताऱ्यांचं म्हणून मोकळी झाले असते."

ताईने घरी फक्त नवऱ्याला सांगितलं. तो बसचालक. त्याच्या पोटात गोष्ट टिकत नाही हे ठाऊक असूनही सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिलाही राहवेना. भाग लागला त्या संध्याकाळी त्याने पाळी बदलून घेतली आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसला. सासऱ्यांनी संशयाने पाहिलं. "आज कसा काय तू?"

"सहज," तो म्हणाला आणि उगाच खोकला.

तळ्याचा प्रसंग आला. सासरे एरवी मालिका बघताना तोंडाचा पट्टा चालू ठेवायचे. आज खुर्चीत पुढे सरकून बसले. म्हातारीने खवला दाबून बसवला तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. नीट पुसला गेला नसावा, कारण परत पुसला.

"ही बाई शिकून आलेली नाही," शेवटी ते म्हणाले. "आई अशीच असते. जग बुडू दे, पोराने खाल्लं का ते आधी."

नवरा पुन्हा खोकला. मग त्याला राहवलं नाही. "बाबा, ती बाई आपल्याच घरात जेवते."

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे. ताई दारात उभी होती. आता दोन दिवस अबोला, असं तिने गृहीतच धरलं.

"मी मघाशी काय बोललो ते ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं, बाबा."

"मग ते परत घेत नाही." त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आत फार उकडतं का गं?"

"भट्टीत घातल्यासारखं."

"आणि तो खवल्या रोज तसाच बसतो? जेवतो कसा?"

"नळीने. घन पदार्थ चावला की हनुवटी सुटते. मग मला सगळं पुन्हा चिकटवावं लागतं."

"तूच चिकटवतेस?"

"खवल्या मालिकेत आला त्या दिवसापासून मीच. खवलेही मीच ओतते."

सासऱ्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "उभी का? बस. एक खवला करायला किती वेळ जातो, ते नीट सांग."

ताई बसली. साचा कसा घेतात, रबर कधी पातळ पडतं, हिरव्या रंगात थोडा पिवळा का घालावा लागतो, सगळं सांगत गेली. सासरे मध्येच नडायचे, "असं कसं होईल?" म्हणायचे, आणि ती हाताने करून दाखवायची. नवऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन न सांगता ताटं घेतली, ही त्या घरातली दुसरी नवलाची गोष्ट.

जेवता जेवता सासरे म्हणाले, "त्या पोराला म्हणावं, आईकडे परत एक चक्कर मार. तिला एकटी टाकून गेलाय."

"ते लिहिणाऱ्यांच्या हातात असतं, बाबा."

"मग लिहिणाऱ्यांना सांग. माझं नाव सांगितलंस तरी चालेल."

सकाळी ताईने गोंद लावता लावता तो निरोप काकाच्या कानावर घातला. काकाला हसू आवरेना. ताईने त्याची हनुवटी दोन बोटांत घट्ट धरली आणि म्हणाली, "हलू नका. ओला आहे अजून."